बारा कोरी वर्षं

होलीहेड, ११ जानेवारी २०२६

ग्लेनताई,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायला माझ्यात आता जीव उरलेला नाही, म्हणून कागदच बरा. तुझ्या खुब्याचं कसं आहे? डॉक्टरांनी काठी घे म्हटलं असेल आणि तू ती दाराच्या मागे उभी करून ठेवली असशील. मी ओळखून आहे तुला.

हेविनला जाऊन सात महिने झाले. बंदरात बापाची बोट लागली की एलेरी अजून खिडकीशी जाते. बारा वर्षांची घोडी झाली, पण जाते.

लिहायचं कारण वेगळंच आहे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात पुन्हा कामाला लागतेय, इस्टरनंतर. तिथल्या बाईने सांगितलं म्हणून सरकारी पेन्शनचा तक्ता मागवला. म्हातारपणी आपल्याला किती मिळणार, ते त्यात वर्षावर्षाने लिहिलेलं असतं. पूर्ण पेन्शनला पस्तीस वर्षं वर्गणी भरलेली लागते. माझी अठरा आहेत. आता सदुसष्टाव्या वर्षापर्यंत भांडी घासली तरी पस्तीस होत नाहीत. एलेरी जन्मली त्या वर्षापासून खाली बारा ओळी एकसारख्या आहेत: भरलेलं नाही, भरलेलं नाही, भरलेलं नाही.

मी फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. म्हणाली, मुलाच्या भत्त्याचा फॉर्म भरला असता तर ही सगळी वर्षं आपोआप तुमच्या नावावर लागली असती. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत घरी सांभाळणाऱ्या आईला सरकार ती वर्षं देतं. नवऱ्याचा पगार जास्त म्हणून पैसे नको असतील तर नको म्हणायचं, पण फॉर्म भरायचाच.

ताई, तो फॉर्म माझ्या हातात होता. हॉस्पिटलातून निघताना पिशवी दिली होती, त्यात मलम, लंगोट आणि तो फॉर्म. मी हेविनला दाखवला. तो म्हणाला, विचारून सांगतो. दहा दिवसांनी बोटीवरची पाळी संपवून घरी आला आणि म्हणाला, "आपल्याला ते मिळत नाही. मी विचारलंय." आणि फॉर्म चुलीत घातला. मी आणखी काही विचारलं तर म्हणाला, "विषय संपला, नेरीस."

कुणाला विचारलं होतं त्याने? कुणालाच नाही, असं मला वाटतं. चर्चच्या डीकनचा पोरगा ना तो. सरकारपुढे हात पसरायचा नाही, हे त्याच्या बापाने त्याच्या डोक्यात ठोकून बसवलेलं होतं. त्या माजापायी माझी बारा वर्षं चुलीत गेली. मी तेव्हा काय करत होते, ताई? रात्रंदिवस पोर सांभाळत होते, हेविनच्या अंथरुणाला खिळलेल्या बापाची शी काढत होते. सरकारच्या कागदावर मी नव्हतेच.

चाळीस वर्षं तू लोकांचे पगार काढलेस. यात काही करता येतं का, ते सांग.

नेरीस


ब्रेकन, १७ जानेवारी

नेरीस,

काठी दाराच्या मागे नाही, छत्र्यांच्या स्टँडमध्ये आहे. खुबा आहे तसाच आहे.

आधी रडणं बाजूला ठेव आणि हे कर. एलेरीच्या भत्त्याचा फॉर्म आजच्या आज भर. आता तुझं उत्पन्न ते काय, तुला पूर्ण मिळेल. आठवड्याला सव्वीस पौंड. मागचे फक्त तीन महिन्यांचे देतात, म्हणून एक दिवसही घालवू नकोस. फॉर्मवर तुझं नाव घाल, एलेरीचा जन्मदाखला लागेल. मूळ दाखला पाठवायचा असतो, पण घाबरू नकोस, परत येतो.

दुसरं, मागच्या वर्षांचं. ज्यांनी त्या काळात अर्जच केला नाही अशा आयांची वर्षं भरून द्यायची काहीतरी सोय सरकार करतंय असं वर्तमानपत्रात होतं. मी नीट चौकशी करते. मला घाईने काही सांगायचं नाही.

हेविनची एखादी जुनी पगारस्लिप सापडते का बघ. एलेरी जन्मली त्या वर्षाची, वसंतातली. बाकी नकोत, तेवढी एकच पाठव.

आणि एक विचारायचं होतं. कुणाला विचारलं ते तो कधीच म्हणाला नाही? नंतरसुद्धा नाही?

जेवतेस का तू? मटणाचा रस्सा करून ठेव आणि तीन दिवस पुरव. एकट्या माणसाने रोज चूल पेटवायची गरज नसते. हे मी अनुभवाने सांगते.

ग्लेनिस


होलीहेड, २ फेब्रुवारी

ग्लेनताई,

फॉर्म गेला. स्लिप सापडली, सोबत पाठवतेय. कुठे सापडली असेल? एलेरीच्या मनगटाला हॉस्पिटलात जी पट्टी बांधली होती, तिच्याबरोबर एका पाकिटात. पट्टी माझ्या दोन बोटांतही जात नाही, एवढीशी. हा माणूस पगाराचा कागद आणि पोरीची पट्टी एकत्र ठेवत होता. असा होता तो.

नाही, कधीच नाही म्हणाला कुणाला विचारलं ते. नंतर मी एकदा पुन्हा काढलं होतं. एलेरीला शाळेच्या सहलीला पाठवायचं होतं आणि नव्वद पौंड काढता काढता नाकीनऊ आले होते. मी म्हटलं, तो भत्ता असता तर. तर म्हणाला, "मी जादा पाळी घेतो." तेवढंच. आणि घेतली. वर्षानुवर्षं घेतल्या. घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. आठ दिवस बोटीवर, आठ दिवस घरी, असं लग्नाच्या वेळी ठरलं होतं. पुढे आठाचे अकरा झाले. शेवटी इंजिनाच्या खोलीतच बसल्या जागी गेला, आणि मला एक माणूस दारात येऊन सांगून गेला.

राग गिळता येत नाहीये मला, ताई. मेलेल्या माणसावर रागावायचं नसतं म्हणतात. मी रागावले आहे. परवा त्याच्या थडग्यापाशी जाऊन बोलले त्याला. म्हटलं, एका फॉर्मवर सही करायला तुझा अभिमान आड आला, आणि वर मला सांगितलंस की विचारलंय. खोटं बोललास.

एलेरी मागे उभी होती. सगळं ऐकलं तिने.

थडग्यावरच्या दगडाचंही आता ठरवायचं आहे. पाथरवट गेथिन म्हणतो, मजकूर वीस मार्चपर्यंत दे, इस्टरच्या आत बसवतो. स्लेटचा दगड घेतलाय. सगळे लिहितात तसं "नेरीसचा प्रिय पती, एलेरीचा प्रिय बाप" असं लिहायचं ठरलं होतं. आता माझा हात होत नाही. नाव आणि तारखा, बस. खोटं कोरून ठेवणार नाही मी.

स्लिप बघून सांग, त्यात काय आहे. मला तर नुसते आकडे दिसतात.

नेरीस


ब्रेकन, २४ फेब्रुवारी

नेरीस,

उत्तराला उशीर झाला. खोकला झाला होता. आता बरी आहे.

स्लिप बघितली. जुनी आहे, त्यातून आता काही निष्पन्न होईल असं वाटत नाही. मागची वर्षं भरून मिळण्याचं मात्र खरं आहे, एप्रिलपासून अर्ज घेणार आहेत. तो आपण करू. म्हणजे म्हातारपणीचं तुझं नुकसान भरून निघण्याची आशा आहे. भत्त्याचे पैसे मात्र गेले ते गेले.

एवढं होत असेल तर जुनं उकरू नकोस. हेविन वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडून काही चुकलं असेल, किंवा नसेलही. तो काही कागदपत्रांतला माणूस नव्हता, इंजिनातला होता. दगडावर "प्रिय पती" लिही. मी मोठी आहे म्हणून सांगते. दगड एकदाच कोरतात.

एलेरीला माझा पापा.

ग्लेनिस


होलीहेड, ३ मार्च

ग्लेनताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्यासारखं वाटलं नाही. तू कधी "असेल किंवा नसेलही" असं लिहीत नाहीस. पगाराच्या बाबतीत तर नाहीच. शेजारच्या बाईचं बिल एक पेनीने चुकलं तर तू दुकानात परत जातेस.

मला बरं वाटावं म्हणून लिहितेस का? मी लहान नाही. त्या स्लिपमध्ये काय आहे ते सांग. त्याला खरंच मिळत नव्हतं का भत्ता? का मिळत होता आणि त्याने घेतला नाही?

एलेरीने काल बापाचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, "त्याने तुला फसवलं ना, आई." मी फोटो परत लावला नाही. लावायला हवा होता, हे मला कळतं. पण लावला नाही.

वीस तारखेला गेथिनकडे जायचंय.

नेरीस


ब्रेकन, २९ मार्च

नेरीस,

हे पत्र मी आठ मार्चला लिहायला घेतलं. चार वेळा फाडलं. आज पाचव्यांदा लिहितेय. वीस तारीख उलटून गेली आहे हे मला माहीत आहे. मी ती मुद्दाम उलटू दिली असं म्हणणार नाही, पण उलटू दिली.

हेविनने विचारलं होतं. मला विचारलं होतं.

एप्रिल दोन हजार तेरा. त्याने तीच स्लिप मला टपालाने पाठवली होती. तू आता पाठवलेली, सोबत परत पाठवतेय. वरच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आहेत बघ. ती टाचणी माझी. पत्रात त्याने लिहिलं होतं, "नेरीसला फॉर्म भरायचा आहे. पगार पन्नास हजारांच्या वर गेला की भत्ता परत द्यावा लागतो असं बोटीवर म्हणतात. आपलं काय? तुला समजतं, तू सांग."

पन्नास हजारांचा नियम तेव्हा नवा होता, तीन महिन्यांचा. आमच्या लोणी कारखान्यात तो कुणाला लागू व्हायचं कारणच नव्हतं, तेवढा पगार मॅनेजरलाही नव्हता. पण मला येत नाही असं मी कधी म्हटलंय का? पगाराचा आठवडा होता. मी कोट घालून दारात उभी होते, बस यायला चार मिनिटं होती. पाकीट फोडलं, वरची ओळ वाचली. महिन्याचे चार हजार चारशे सोळा. बाराने गुणलं, त्रेपन्न हजार झाले. पाकिटाच्या मागे लिहिलं, "पन्नासच्या वर आहे. घेतलं तर परत द्यावं लागेल. कशाला ती उठाठेव? फॉर्म भरू नका." टाचणी लावली, दुसऱ्या पाकिटात घातलं, आणि बसच्या वाटेवर पेटीत टाकलं.

तिसरी ओळ मी वाचलीच नाही. तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे, पेन्शनमध्ये भरले तीनशे त्रेपन्न. दर महिन्याला. हा पैसा पगारातून आधीच बाजूला जातो, करखातं तो उत्पन्नात धरत नाही. तो वजा केला की वर्षाचे होतात अठ्ठेचाळीस हजार सातशे. पन्नासच्या आत. नेरीस, तुला पूर्ण भत्ता मिळत होता. पहिली पाच-सहा वर्षं तरी पूर्ण, आणि पुढे पगार वाढला तसा थोडाथोडा. आणि मिळत नसता तरी फॉर्म भरायचाच होता, तुझ्या वर्षांसाठी. तेही मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला मला जड गेलं.

चाळीस वर्षं मी हाताखालच्या पोरींना शिकवलं की स्लिप खालून वर वाचायची. कापून गेलेलं आधी बघायचं, वरच्या आकड्याला भुलायचं नाही. आणि माझ्या बहिणीच्या घरची स्लिप मी उभ्याने वाचली.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. तुला बेचाळिसाव्या वर्षी मूल झालं. मला तोवर मुलाची आशा सोडून वीस वर्षं झाली होती. तू हॉस्पिटलातून फोन केलास तेव्हा मी आनंदाने ओरडले, आणि तो आनंद खरा होता. पण त्यानंतर आठवडाभर मी तुझ्याबद्दल चांगलं बोलू शकत नव्हते. पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, हिला मूल झालं, चांगला नवरा आहे, आणि वर सरकारही पैसे देणार. एवढंच वाटलं, क्षणभर. पण त्या क्षणी मी बसायला हवं होतं आणि बसले नाही.

त्याने तुला माझं नाव का सांगितलं नाही, मला माहीत नाही. त्याने तुला खोटं सांगितलं नव्हतं. त्याचा माज नव्हता. माज माझा होता.

जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. स्लिप मागितली ती खात्री करायला. खात्री झाल्यावर मी खोकल्याचं खोटं सांगितलं. मला वाटलं, तुझा राग मेलेल्या माणसावर आहे, त्याला काय लागणार आहे, आणि मी अजून जिवंत आहे. असा विचार केला मी. मग एलेरीने फोटो काढल्याचं वाचलं.

क्षमा कर असं लिहायचं धाडस होत नाही.

ग्लेनिस


ब्रेकन, २६ एप्रिल

नेरीस,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही करत नाही.

सोबत वर्षं भरून घेण्याच्या अर्जाची माहिती आहे. कुठे काय लिहायचं ते पेन्सिलीने लिहिलं आहे. यावेळी मी दोन जणांना विचारून घेतलं. गावात सल्ला देणारी बाई बसते तिला, आणि करखात्याला फोन करून. फोनवर शेजारचा मुलगा माझ्या वतीने बोलला आणि मला लिहून दाखवत होता. तरीही तू स्वतः पुन्हा विचार. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

ग्लेनिस


होलीहेड, १४ मे

ग्लेनताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दगड बसवून झाला होता. दोनच दिवस आधी. नाव आणि तारखा. पाऊस पडत होता आणि तो दगड इतका उघडा दिसत होता की मी तिथून निघून आले.

पत्र वाचून मी पहिल्यांदा तुझे सगळे फोटो काढले. मग परत ठेवले. मग महिनाभर काहीच केलं नाही. तुला लिहायला बसले की जे लिहावंसं वाटायचं ते लिहिलं असतं तर आपण पुन्हा कधी बोललो नसतो. म्हणून नाही लिहिलं.

मागच्या आठवड्यात हेविनची इंजिनाच्या खोलीतली वही कंपनीने पाठवली. तेलाने काळी झालेली. तिच्या मागच्या पुठ्ठ्यात तुझं ते पाकीट होतं, घडी घालून. "फॉर्म भरू नका." अक्षर लगेच ओळखलं. त्याखाली त्याने पेन्सिलीने लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते: "ग्लेनिस सांगते म्हणजे बरोबरच असणार. नेरीसला वाईट वाटेल. ग्लेनिसचं नाव घ्यायचं नाही, दोघी भांडतील. महिन्याला एक जादा पाळी घेतली की तेवढे निघतात."

हे वाचून मी जमिनीवर बसून रडले. बारा वर्षं मी त्याला विचारत होते, एवढा का राबतोस, घरी का थांबत नाहीस. मला वाटायचं, घरात त्याचं मन लागत नाही. त्याने ते आठवड्याचे वीस पौंड भरून काढले, ताई. आपल्यात भांडण नको म्हणून तोंड मिटून, एकेक पाळी करून. तेवढ्या पाळ्या केल्या नसत्या तर तो आज असता का, हे मी स्वतःला विचारते. तुलाही विचारते. उत्तर नको.

एलेरीला सगळं वाचून दाखवलं. तिने फोटो कपाटातून काढून स्वतःच्या खोलीत नेला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी बाबांना सॉरी म्हणायला गेले होते." एकटीच गेली होती, बसने. मी पण गेले मग. मीही म्हटलं.

गेथिनला विचारलं. म्हणाला, दगड बसवलेला असला तरी खाली जागा आहे, गुडघ्यांवर बसून कोरतो. एका अक्षराचे साडेतीन पौंड घेतो. मी मजकूर दिलाय. "नेरीसचा प्रिय पती, एलेरीचा प्रिय बाप." त्याचे पैसे तू द्यायचेस. मला परवडत नाहीत म्हणून नाही. तू द्यायचेस.

वर्षं भरून घेण्याचा अर्ज पाठवला. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा बरोबर होत्या. मी तपासून घेतल्या, तू सांगितलंस म्हणून.

माफ केलंय असं लिहीत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल, आणि या घरात आता आणखी खोटं नको. पण तू एकाहत्तर वर्षांची आहेस, खुबा मोडका आहे, आणि मला दुसरी बहीण नाही.

शाळेतली माझी पहिली पगारस्लिप आली आहे. त्यातल्या तीन ओळी मला कळत नाहीत. टपालाने पाठवणार नाही. जूनमध्ये गेथिनचं काम झालं की गाडीने ये. एलेरी स्टेशनवर येईल, काठी घेऊन ये नाहीतर ती परत पाठवेल. घरात आलीस की आधी कोट काढ, खुर्चीत नीट बस, चहा घे. मग वाच.

नेरीस